भगरीत कांदा

नाशिकची माणसं पेठवरून जातात, पेठला जात नाहीत. धरमपूर, वलसाड, वापी अशी कामं असली की गाडी कोटंबीचा घाट उतरते, कुणाला मळमळलं तर पेठला थांबून लिंबू सरबत पिते आणि पुढे निघते. माझंही तसंच झालं. मखमलाबादच्या भाजीच्या मळ्यात वाढले, नाशकातच लग्न झालं, पन्नाशीही तिथेच ओलांडली, पण पेठ तालुक्यात मुक्काम म्हणून कधी केला नाही. तो या डिसेंबरात केला.

मी नोकरदार मुलींच्या एका वसतिगृहाची खानावळ चालवते. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, बऱ्याच जणी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत. गेल्या वर्षी मी ठरवून स्वयंपाकघर बदलायला घेतलं. तेल कमी केलं. पाकिटातले मसाले बंद केले. भाजी मोसमात असेल ती आणि जवळच्या मळ्यातली. डबा नेणाऱ्या मुलीने स्टीलचा डबा आणायचा, नाहीतर इथेच बसून ताटात जेवायचं. तांदूळ घोटीचा, कारण तो जवळचा. मुलींनी आधी तोंडं वाकडी केली, मग दुपारी पेंग येत नाही असं त्याच एकमेकींना सांगायला लागल्या. माझ्या यादीत एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती: साबुदाणा. दर गुरुवारी, चतुर्थीला, एकादशीला तेलात निथळणारी खिचडी. साबुदाणा येतो कुठल्या कुठून, आणि उपासाला लागणारी भगर आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात पिकते. पावसाच्या पाण्यावर, विशेष खताशिवाय. तेव्हा साबुदाणा बंद, भगर सुरू, एवढं काम घेऊन मी निघाले.

भगर कुणाकडून घ्यायची हेही ठरलं होतं. बचत गटांच्या एका प्रदर्शनात यमुनाबाई भेटल्या होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, बोलायला फटकळ. पाच मिनिटं चव घेत उभ्या राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी, "बाई, खुर्ची देऊ का, जेवूनच जा," असं सुनावलं, तेव्हाच मला त्या आवडल्या. त्यांच्या गावातल्या बायकांनी मिळून वरई सडायचं मशीन घेतलं होतं. शेतातून येते ती वरई, तिचं टरफल काढलं की भगर. आजवर गावातली वरई टरफलासकट व्यापाऱ्याच्या गाडीत जायची आणि नाशकात सडून भगर व्हायची. आता ते काम गावातच होणार होतं. "या एकदा बघायला," त्या म्हणाल्या होत्या. आम्ही नाशिककर अशा आमंत्रणाला "येऊ की" म्हणतो आणि विसरतो. मी तारीख विचारून घेतली.

बुधवार: फाट्यापासून आत

नाशिकच्या पेठ नाक्यावरून एसटी पकडली. सामान मोजकं. कपडे, शाल, टॉर्च, स्वतःचं ताट, वाटी, पेला, पाण्याची तांब्याची बाटली. ज्यांना प्रवासात कचरा करायचा नाही त्यांना सांगते, ताट-पेला पिशवीत टाकला की निम्मं काम होतं. बाकी निम्मं काम म्हणजे लोक हसले तरी ते बाहेर काढणं.

उमराळं मागे पडलं की द्राक्षबागा संपतात आणि घाट सुरू होतो. साग उघडे पडले होते. डोंगरांच्या उतारावर वरईचे आणि नागलीचे, म्हणजे नाचणीचे, कापून झालेले तुकडे, एकावर एक, इतके चढे की तिथे नांगर कसा धरत असतील हा प्रश्न पडावा. इथलं पाणी गुजरातकडे वाहतं. आमच्या गोदावरीच्या बरोब्बर उलट. घाटमाथ्यावर ही गोष्ट शेजारच्या प्रवाशाने मला अभिमानाने सांगितली, जणू ती व्यवस्था त्यानेच केली होती.

करंजाळीच्या पुढे एका फाट्यावर उतरले. यमुनाबाई घ्यायला आल्या होत्या. तिथून गावापर्यंत चालत. मला वाटलं होतं तेवढी दमले नाही, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दमले.

घरी पोचताच माझ्यापुढे काय आलं असेल? वाफाळत्या नूडल्सची ताटली आणि थंड पेयाची बाटली. फाट्यावरच्या दुकानातून मुद्दाम आणलेली.

"अहो, मी नागलीची भाकरी खायला आले इथे!"

"भाकर काय, भाकर रोजचीच हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "पाव्हण्याला रोजचं वाढायचं व्हय?"

त्यांच्या सासूबाई जानकाबाई चुलीजवळ बसल्या होत्या. मी पिशवीतून माझा पेला काढला तशी त्यांनी नजर वर केली.

"ही भांडी घेऊन हिंडते. घरी भांडून आली काय गं?"

"नाही हो आजी, सवय आहे."

"भांडायची?"

यमुनाबाईंचे यजमान काशिनाथभाऊ दारात बसले होते, ते पहिल्यांदा हसले. मी नूडल्स खाल्ल्या. पाहुणचार नाकारायचा नाही हाही माझा एक नियम आहे. पण रात्री भाकरीच हवी असं बजावून सांगितलं.

घराच्या पडवीत पोती रचलेली होती. मला वाटलं माल निघायच्या तयारीत आहे. तो निघून परत आलेला होता. यमुनाबाईंनी एका पोत्याचं तोंड सोडून मूठभर भगर माझ्या तळहातावर ठेवली. पांढऱ्या कण्यांत मधूनच बारीक तांबडे ठिपके.

"नागली," त्या म्हणाल्या. "एकाच खळ्यावर आधी नागली झोडली, मग वरई. भुईच्या भेगांत व्हती ती निघाली आन् बसली यात. नाशकाच्या शेठनी पोती परत धाडली. म्हणला, उपासाच्या मालात धान्य चालत नाय."

हा गटाचा पहिलाच मोठा माल. तो शेठ घेईल या भरवशावर बाकीच्या बायकांनी आपली वरई अजून घरात राखून ठेवली होती, मशीनवर सडायला. आता त्या चुळबुळ करत होत्या. शनिवारी व्यापाऱ्याची गाडी फाट्यावर यायची होती. तोवर या पोत्यांची सोय लागली नाही तर सगळ्या बायका आपली वरई पूर्वीसारखी टरफलासकट गाडीत घालणार, आणि मशीनला सडायला दाणा उरणार नाही.

"मशीनला गिऱ्हाईक हाय," काशिनाथभाऊ शांतपणे म्हणाले. "सुरगाण्याकडचा एक जण मागतोय. देऊन टाकू म्हणलं."

"मी नाय म्हणलं," यमुनाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय उत्तर दिलं ते स्पष्ट लिहिते. मी म्हटलं, "यमुनाबाई, माझ्या मुली उपासाला खाणार. मलाही नागली चालणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि पोत्याचं तोंड बांधलं. रात्री नागलीची भाकरी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि काळ्या उडदाची आमटी जेवलो. चांगलीच होती.

गुरुवार: माझा उपास

मार्गशीर्षातला गुरुवार. लग्न झाल्यापासून मी हे गुरुवार धरते. सकाळी यमुनाबाईंबरोबर मशीनची खोली बघितली, शेताचे तुकडे बघितले. उतारावर चढताना त्या बोलत होत्या आणि मी श्वास घेत होते. गावात एक गोष्ट मला खटकली तीही सांगते. शाळेमागच्या घळीत कुरकुरे-वेफर्सच्या पाकिटांचा ढीग होता. डोंगरात राहणारी माणसं निसर्गाला धरून राहतात असं आपण शहरात बसून गोड बोलतो. इथली मुलंही नाकं मुरडून भाकरी टाकतात आणि पाकीट फोडतात. चुलीचा धूरही जानकाबाईंच्या खोकल्यातून ऐकू येतो. तेव्हा सगळं घ्यावं असं नाही, निवडून घ्यावं.

दुपारी यमुनाबाई गटातल्या एकीकडे गेल्या होत्या. घरी जानकाबाई. मी सांगितलं, "आजी, मला आज फक्त भगर द्या. दुसरं काही नको."

उपास आहे हे म्हणायची मला गरजच वाटली नाही. आमच्याकडे गुरुवारी कुणी बाई भगर मागते म्हणजे तिला उपास असतो, हे शेंबडं पोरही ओळखतं.

जानकाबाईंनी माझंच ताट घेतलं. त्यात भगरीचा मऊ डोंगर, आणि त्यावर ओतलेलं लालभडक सुकटीचं कालवण. सुकट म्हणजे वाळवलेले बारीक मासे. वास घरभर.

मी ताटाकडे बघत राहिले.

"काय गं? तिखट लय वाटतंय?"

"आजी, मला उपास आहे."

"मग खा की. उपाशी कशाला राहते?"

"अहो, उपासाला मासे?"

"तू भगर म्हणली. नुसती भगर पाव्हण्याला कशी घालू? कोण म्हणंल, म्हातारीनं कोरडं वाढलं." त्या खरोखर गोंधळल्या होत्या. "आमी भातावानीच खातो. भाताला कालवण लागत नाय व्हय?"

एवढ्यात यमुनाबाई आल्या. त्यांनी ताट बघितलं, माझं तोंड बघितलं आणि उंबऱ्यावर बसूनच हसायला लागल्या. "आत्याबाय, ताईंचा गुरवार हाय! नाशकात भगर उपासालाच खातात."

"बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी नाय खात."

"चांगली लागत नाय त्यांना?"

"लागते," मी म्हटलं.

"मग?"

इतकी वर्षं मी स्वयंपाकघर चालवते, धान्यांची माहिती वाचते, मुलींना व्याख्यानं देते, पण भगर ही उपासाच्या डब्यात ठेवायची वस्तू, हा डबा मी कधी उघडून बघितलाच नव्हता. तांदळाच्या शेजारी तिला जागा असू शकते हे सुचलंच नव्हतं. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, म्हणजे महिन्यातले मोजके दिवस. बाकीचे सगळे दिवस तिच्याविना.

सुकटीचं ताट काशिनाथभाऊंकडे गेलं. त्यांनी ते चाटूनपुसून संपवलं. मला दुसऱ्या ताटलीत भगर आणि दही मिळालं. मी पोटभर खाल्लं. मऊ, किंचित गोडसर, आणि अंग जड न करणारं. ताटली विसळायला उचलली तेव्हा तळाशी दह्यात दोन-तीन तांबडे ठिपके दिसले.

"यमुनाबाई, ही भगर कोणती?"

त्यांनी जीभ चावली. "तीच की. परत आलेली. उगा पडलीय म्हणून घरात काढली."

म्हणजे मासे टाळले आणि नागलीने उपास मोडला. जानकाबाई आता यमुनाबाईंपेक्षा जोरात हसत होत्या. "देवी मोजत बसली नसंल गं तांबडे दाणे!" मी मनातल्या मनात महालक्ष्मीला कळवून टाकलं की पुढचा गुरुवार कडक धरीन. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात पडवीतली पोती फिरायला लागली.

शुक्रवार: यमुनाबाई नाही म्हणतात

सकाळी उठल्याबरोबर मी विषय काढला. एखादी गोष्ट ठरली की चहा होईपर्यंत थांबणं मला जमत नाही.

"ती पोती मी घेते. एक आत्ता बरोबर नेते, बाकी नंतर."

"कालपरवा नाय म्हणला व्हता."

"उपासाला नको म्हटलं होतं. मी रोजच्या जेवणाला घेते. भाताऐवजी."

यमुनाबाई भांडी घासत होत्या. हात थांबला नाही. "नको."

"का नको?"

"डागी माल हाय. तुमच्या पोरी म्हणतील, पेठच्या बायांनी खडे-माती घातली. पहिल्याच खेपेला नाव खराब. आन् ताई, कीव करून नका घेऊ. कीव एक पोतं खाते. दुसरं खात नाय."

"मी खानावळ चालवते. कीव करत बसले तर दोन महिन्यांत कुलूप लागेल."

"मग वेचून देते. साफ करून."

त्यांनी खरोखर प्रयत्न केला. गटातल्या तीन-चार बायका आल्या, मीही बसले. सुपांत भगर पसरून तांबडे दाणे वेचायचे. चाळणीचा उपयोग नाही, कारण नागली आणि भगर आकाराने जवळजवळ सारखी. पाखडूनही निघत नाही. गप्पा मात्र मस्त झाल्या. माझ्या खानावळीत मुली जेवणाचा फोटो आधी काढतात आणि मग जेवतात, हे ऐकून एकजण म्हणाली, "मंग थंडच खातात की बिचाऱ्या." दुपार झाली तेव्हा आमच्या सगळ्यांचं मिळून एक लहान गाठोडं स्वच्छ झालं होतं आणि माझी मान आखडली होती.

"यमुनाबाई," मी म्हटलं, "या वेगाने होळी येईल."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. शनिवार उद्यावर होता.

"नागलीत वाईट काय आहे ते सांगा," मी म्हटलं. "परवा रात्री तीच भाकरी खाल्ली. काल दह्यातून खाल्ली. तुमच्या घरात दोन्ही वेळा हीच भगर शिजते. सासूबाई खातात, भाऊ खातात. तुम्हाला चालतं, मला चाललं. माझ्या मुली कोण लागून गेल्या?"

"आमचं खाणं येगळं."

"तेच तर विकत न्यायला आले आहे. तुम्ही मला आल्यापासून दुकानातलं वाढायला बघताय. जे तुम्ही रोज खाता ते द्या."

जानकाबाई आतून ओरडल्या, "दे गं तिला. नायतर नूडल घेऊन जाईल."

यमुनाबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण त्या सहज मानणाऱ्यांतल्या नाहीत. अट घातली. "पोरींना सांगायचं, यात नागली हाय. झाकून नाय द्यायचं. आन् खाल्लं नाय तर खरं सांगायचं मला. गोड नाय बोलायचं."

"गोड मला बोलताच येत नाही," मी म्हटलं.

"ते दिसलं परवाच."

शनिवार: फाट्यावर

व्यापाऱ्याची गाडी आमच्याआधी पोचली होती. बायका आपापली वरई घेऊन झाडाखाली उभ्या. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या पायाशी पोतं. सगळ्यांच्या नजरा यमुनाबाईंकडे. मला गावात फिरताना हसून बोलवणाऱ्या याच बायका आज हसत नव्हत्या. गाडीत घातलं की व्यवहार आत्ताचा आत्ता पुरा होतो. मशीनसाठी थांबायचं म्हणजे माल घरात ठेवून वाट बघायची.

यमुनाबाईंनी भाषण केलं नाही. "ह्या ताई परत आलेलं एक पोतं नेतात. खानावळीत रोजच्या जेवणात घालणार. पोरींनी खाल्लं तर बाकीचं जाईल, आन् तुमचंबी मशीनवर घेऊ. नाय खाल्लं तर आठ दिवसांनी ही गाडी परत येतेच."

"खातील का?" एकीने मला थेट विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "खायला घालून बघणार आहे, आणि लगेच सोडून देणार नाही एवढं सांगते."

त्यांना याहून मोठं आश्वासन हवं होतं. माझ्याकडे नव्हतं. थोडी कुजबुज झाली. मग काहींनी गाडीत वरई घातली आणि काहींनी गाठोडी परत डोक्यावर घेतली. साधारण निम्म्या-निम्म्या. काशिनाथभाऊ माझं पोतं एसटीत चढवून म्हणाले, "सुरगाण्यावाल्याला आठ दिवस थांब म्हणतो." कंडक्टरने पोत्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "काय नेताय मावशी, भगर? उपास लय दिसतात तुमच्याकडं!"

नाशिक

परत आल्यावर मी दोन गोष्टी लगेच सुरू केल्या. रात्रीचं जेवण लवकर, आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसून. तिथे तसंच जेवतात. कुणाच्या हातात ताट आणि दुसऱ्या हातात फोन असं नाही. पहिल्या दोन दिवसांत मुली कुरकुरल्या आणि तिसऱ्या दिवसापासून जेवताना इतक्या खिदळायला लागल्या की शेजारच्या इमारतीतून विचारणा झाली. जेवण हलकं असलं तरी सोबत नसेल तर ते पथ्य वाटतं, हे मला त्या घरात उमगलं.

पण भगर? सोमवारी दुपारी भगर केली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आज भाताऐवजी भगर, यात थोडी नागली आहे. स्वयंपाक शोभाताईंनी केला. त्या माझ्याकडे बारा-तेरा वर्षं आहेत. त्यांचा हात सोन्याचा आणि मतं लोखंडाची.

मुली आल्या. ताटं घेतली. "काकू, आज कसला उपास?" एक. "मी उपास नाही धरत, मला भात?" दुसरी. तिसरी सरळ तीन पोळ्या घेऊन गेली. पातेलं जवळजवळ भरलेलं परत आत आलं. शोभाताईंनी झाकण ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांच्या मते सौजन्य होतं.

मी यमुनाबाईंना फोन लावला. कबूल केलं होतं. "उरलं," म्हटलं. "बरंच उरलं."

मग त्यांनी विचारलं, "कशी केली व्हती?"

"जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. वरून तूप."

"म्हंजे उपासाची केली. उपास नसताना उपासाचं कोण खाईल? कांदा टाकला का?"

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात बघितलं. कांद्याच्या जिल्ह्यात राहते. कोपऱ्यात कांद्याचं अख्खं पोतं उभं होतं. आणि भगरीत कांदा घालायचं मला सुचलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी शोभाताईंना सांगितलं, "आज भगरीला कांदा-लसणाची फोडणी."

त्या मागे सरकल्या. "भगरीत कांदा? ताई, माझा हात नाही जात."

"बुधवार आहे. कुणाला उपास नाही."

"बुधवार असो की काही असो. आई गं, भगरीत कांदा! मला पाप लागेल ते लागेल, तुम्हालाही लागेल."

"माझा उपास डोंगरातच मोडलाय. तुम्ही फक्त बाजूला व्हा."

मी स्वतः कढई चढवली. कांदा बारीक चिरून टाकला, लसूण ठेचून, लाल तिखट, हळद. शोभाताई दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या, कुणीतरी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं. वास सुटला तशा त्या एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, "मोहरी आधी टाकायची होती." मग माझ्या हातातून झारा घेतला. वर कोथिंबीर त्यांनीच घातली, सोबत उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणीही त्यांनीच केली, आणि दुपारी वाढायलाही त्याच उभ्या राहिल्या. "हा उपास नाही," प्रत्येक ताटाला बजावत होत्या. "कांदा आहे यात. कांदा!"

पहिली मुलगी परत आली तेव्हा मी पाणी भरत होते. "काकू, थोडी भगर अजून?" मग तिच्या मागे दोघी. सगळ्यांनी खाल्ली असं नाही. एकीने ताटातली तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर मी यमुनाबाईंना तेही सांगितलं. पण पातेलं आत आलं तेव्हा शोभाताईंनी ते तिरकं करून मला दाखवलं. खरवड तेवढी उरली होती, आणि ती त्यांनी स्वतःसाठी काढून ठेवली.

शुक्रवारी पुन्हा केली. तशीच गेली. आता आठवड्यातून तीन दिवस ठरली आहे, फळ्यावर कायमची लिहिली आहे. गुरुवारी साबुदाणा अजून होतो. उपासासाठी निव्वळ भगर हवी, आणि त्यासाठी वेगळं खळं सारवायचं यमुनाबाईंच्या मनात आहे. ते पुढच्या पिकाला. एका वेळी एक काम.

शनिवारी सकाळी, व्यापाऱ्याची गाडी फाट्यावर यायच्या वेळेला, मी फोन लावला. बाकीची सगळी पोती पाठवा, आणि बायकांची वरईही मशीनवर घ्या, असं सांगायचं होतं. बराच वेळ वाजला. मग यमुनाबाईंचा आवाज आला, पण त्यामागे असा घरघराट की एकही शब्द धड पोचेना.

"ताई, वरडा जरा! मशीन चालू हाय!" त्या ओरडत होत्या. "परवाच सांगितलं तुमी, पोरींनी परत मागितली म्हणून. बाया थांबल्या नायत मग, काल रातच्यालाच पोती आणून टाकली दारात. पाय ठेवायला जागा नाय. आता ठेवा फोन, लाईट जायच्या आत सडू द्या!"

मी फोन ठेवला आणि शोभाताईंना कांदे चिरायला घ्यायला सांगितलं.